गृहयंत्रविचार : जुन्या लेथाची वीज

पंपावरील आमच्या मागील लेखानंतर जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं बरींचशीं पंपाविषयीं नसून लेथाविषयीं होतीं, हें पाहून आम्हांस प्रथम नवल वाटलें व थोड्या वेळानें वाटेनासें झालें. लेथ हें यंत्र सहाण, पंचांग आणि पुस्तकांचें कपाट यांच्या शेजारीं कसें येऊन बसलें, याचें उत्तर महाराष्ट्रांत फार शोधावें लागत नाहीं. 1910 सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, आणि लोखंडाचा धंदा हा आपल्या घरांतील मुलाचा धंदा असूं शकतो ही गोष्ट लोकांच्या ध्यानांत आली. पुढें 1941 सालीं हरिहरास म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रें बनविणारा कारखाना निघाला. कारखान्यांत हयात घालविलेले कित्येक गृहस्थ निवृत्त होतांना घड्याळाबरोबर यंत्राचीही हौस घरीं घेऊन आले. वाड्याच्या मागील सोप्यांत किंवा पडवींत ताडपत्रीखालीं झांकलेला लेथ अजूनही अनेक घरीं दिसतो. आजोबांनीं तो हौसेनें घेतलेला असतो, वडिलांनीं त्यावर चार पैसे मिळविलेले असतात, आणि नातवाला तो भंगारांत देऊन ती जागा मोटारसायकलीस हवी असते.

भंगारवाल्याचा दिवस ठरतो तो बहुधा लोखंड झिजलें म्हणून नव्हे. बीडाचा बेड दोन पिढ्या सहज टिकतो. तो दिवस ठरतो तो "मोटर गेली", "फ्यूज राहात नाहीं" किंवा "करंट मारतो" यांपैकीं एखाद्या वाक्यामुळें. आणि यांतील पहिलीं दोन वाक्यें निम्म्याहून अधिक वेळां खोटीं असतात. तिसरें मात्र कधींही हंसण्यावारीं नेऊं नये. त्याविषयीं पुढें सविस्तर लिहूं.

जुन्या लेथाची पहिली अडचण ही कीं, तो एका काळचा नसतो. फार जुनीं यंत्रें छताखालच्या एका सामाईक दांड्यावरून पट्ट्यानें फिरत. त्यांना मोटर मागाहून बसविलेली असते. म्हणजे यंत्र एका काळचें, मोटर दुसऱ्या काळची, स्टार्टर तिसऱ्या काळचा, आणि तारा ज्या ज्या वायरमननें हात लावला त्याच्या त्याच्या मनाच्या. अशा यंत्रांत तारेच्या रंगावर विश्वास ठेवणें म्हणजे पोथीच्या बांधणीवरून ग्रंथाचें नांव ओळखण्यासारखें आहे. आपल्याकडे तीन फेजांस लाल, पिवळा व निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थिंगला हिरवा हा रिवाज आहे. परंतु युरोपांतील हल्लींच्या रीतीनें निळी तार न्यूट्रलची असते. आपल्या डोळ्यांस ती फेज वाटते. याहून भयंकर म्हणजे फार जुन्या जर्मन यंत्रांच्या लवचीक तारांत लाल तार ही अर्थिंगची असे. ती पाहून एखाद्यानें फेजेस जोडली, तर यंत्राचें सारें अंग जिवंत होईल. म्हणून तार कोठून निघाली व कोठें पोंचली हें मीटर लावून पाहावें. रंग केवळ साक्षीदार समजावा, आणि तोही फितूर होऊं शकणारा.

आमचें शिक्षण मॅट्रिकचें व त्यापुढें संस्कृताचें. विजेची विद्या आम्ही कारागिरांच्या शेजारीं बसून मिळविली. तथापि या कामीं न्यायशास्त्रानें आम्हांस जितकी मदत केली तितकी पकडीनेंही केली नसेल. कारण असतां कार्य असतें हा अन्वय, कारण नसतां कार्य नसतें हा व्यतिरेक. बहुतेक लोक पहिल्यावरच थांबतात. फ्यूज उडाला व मोटर थांबली, तेव्हां फ्यूज बदला, असें त्यांचें अनुमान. वास्तविक फ्यूजचें उडणें हें स्वतःच कोणत्या तरी कारणाचें कार्य आहे. व्यतिरेक पाहावयाचा असेल, तर एक एक अंग सोडवून दोष राहतो कीं जातो तें पाहिलें पाहिजे. मोटरीचा पट्टा काढा. पट्ट्याविना मोटर सुरळीत चालली, तर विजेस दोष देऊं नका; हेडस्टॉकच्या बेअरिंगांत तेल आहे काय, पट्टा अति ताणला आहे काय, तें पाहा. पट्ट्याविनाही ती अडते, तर मोटर व तिच्या मागील भाग यांकडे वळा. एका पट्ट्यानें अर्धा संशय फिटतो, आणि त्यास एक पैसा पडत नाहीं.

येथें एक नियम सांगून ठेवतों. मुख्य स्विच बंद करून फ्यूजच्या तिन्ही पकडी उपसून आपल्या खिशांत ठेवल्यावांचून झांकण उघडूं नये. घरांत माणसें पुष्कळ असतात, कोणी तरी "दिवे कां गेले?" म्हणत स्विच वर करतोच. जिवंत तारांवर मापें घेण्याचें काम परवानाधारक वायरमनचें. आपण शेजारीं उभें राहून त्यास योग्य प्रश्न विचारावे. बंद यंत्राची तपासणी मात्र घरांतील समंजस तरुणानें अवश्य करावी.

आतां गुणगुणण्याची गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी एके सकाळीं आला आणि म्हणाला, "मास्तर, हिरवें बटण दाबलें कीं मोटर नुसती घुमते, फिरत नाहीं. तिन्ही फेजा आहेत. टेस्टर तिन्हींवर लागतो."

"टेस्टर लागतो तो कोठें? स्टार्टरच्या अलीकडे कीं पलीकडे?"

"पलीकडे. मोटरीच्या तोंडाशीं."

"मग अरे, तो दिवा खोटें बोलतो आहे."

हें त्यास पटेना, आणि पुष्कळांस पटत नाहीं. मोटरीच्या तिन्ही गुंडाळ्या आंतून एकमेकींस जोडलेल्या असतात. एक फेज वाटेंत तुटली, तरी उरलेल्या दोन फेजांचा दाब गुंडाळ्यांतून फिरून तिसऱ्या टोंकापर्यंत पोंचतो. थांबलेल्या मोटरीवर तो पूर्ण दाबाच्या अर्ध्याच्या जवळपास, म्हणजे सव्वाशें व्होल्टांच्या आंतबाहेर असतो. चालत्या मोटरीवर तर तो पूर्ण दाबाच्या फार जवळ जातो. निऑनच्या इवल्याशा दिव्यास एवढें पुरें होतें. म्हणून एकेका तारेवर टेस्टर टेंकवून कांहींच सिद्ध होत नाहीं. मापावयाचें तें दोन दोन फेजांमध्यें : लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल. प्रथम स्टार्टरच्या अलीकडे व मग पलीकडे. तिन्ही ठिकाणीं 415 च्या आसपास आणि एकमेकांशीं जुळते आंकडे आले पाहिजेत. जेथें ते जुळेनासे होतात, त्याच्या लगेच मागें दोष आहे.

त्या मुलाच्या घरीं वायरमननें तसें मापलें, तेव्हां स्टार्टरच्या अलीकडेच आंकडे बिघडलेले निघाले. दोष निघाला तो फ्यूजच्या पकडींत. तार शाबूत होती, परंतु पितळी पात्याची पकड ढिली होऊन काळी पडली होती. चार आण्यांच्या जागीं चार हजारांची मोटर गुंडाळावयास निघाली होती. मनांत असा प्रश्न येईल कीं, एक फेज नसतां स्टार्टरनें मोटर ओढलीच कशी? तर आपल्याकडील पुष्कळ साध्या स्टार्टरांतील चुंबकाची गुंडाळी दोनच फेजांवर चालते. गेलेली फेज तिसरी असेल, तर चुंबकास त्याची वार्ताही नसते. तो इमानानें आपलें काम करतो, आणि उभी मोटर भारी करंट घेऊन कांहीं मिनिटांत जळते. तिला वांचविणारा एकच, तो ओव्हरलोड रिले. आणि "सारखा ट्रिप होतो" म्हणून त्याचा कांटा शेवटपर्यंत फिरवून ठेवण्याची चाल आपल्याकडे सार्वत्रिक आहे. एक अश्वशक्तीच्या तीन फेज मोटरीस पूर्ण भारावर साधारण दोन अँपियर लागतात. मोटरीच्या पाटीवर जो आंकडा असेल, त्यावरच कांटा ठेवावा. जो रिले त्यावर ट्रिप होतो, तो कांहीं तरी सांगत असतो.

मोटर खरोखरच जळली असेल, तर गुंडाळणाऱ्याकडे सोंपवून घरीं येऊं नये. उघडल्यावर आंत पाहावें. स्टार जोडणीच्या मोटरींत दोन फेजांच्या गुंडाळ्या काळ्या व तिसरीच्या ताज्या असतील, किंवा डेल्टा जोडणींत एकीच्या काळ्या व दोहोंच्या ताज्या असतील, तर ती एक फेज गेल्यानें मेली. सर्व सारख्या काळ्या असतील तर भार किंवा दाब यांचा दोष. हें न पाहतां नवी गुंडाळी बसविली, तर तीही त्याच वाटेनें जाते, व गुंडाळणारा मनुष्य नाहक बदनाम होतो.

स्टार्टरचे रोग त्या मानानें सोपे आहेत. हिरवें बटण दाबून धरलें तोंवर चालतो व सोडतांच थांबतो, तर चुंबकाबरोबर मिटणारा धारण-संपर्क मिटत नाहीं. मुळींच ओढत नाहीं, तर आधीं तांबडें बटण आंत अडकून राहिलें आहे काय, रिले पुन्हां बसविला आहे काय, हें पाहावें. खडखडतो, तर चुंबकाच्या तोंडाशीं कांहीं तरी बसलें आहे, किंवा दाब कमी आहे, किंवा चुंबकाच्या तोंडावरील तांब्याचें कडें तुटलें आहे. "कांहीं तरी" याचा अर्थ कारखान्यांत लोखंडाचा कीस असा होतो. घरीं बहुधा पाल असा होतो. उबेसाठीं पाल स्टार्टरांत शिरते, आणि चुंबक मिटतो तेव्हां बिचारी मध्यें सांपडते. मुंग्यांचेंही तसेंच. तारा शिरतात त्या भोंकांस रबरी बूच बसवावें, इतकाच उपाय. संपर्काचे रुपेरी ठोकळे काळे दिसले म्हणून काचकागदानें घासणारे लोक आहेत. त्यांनीं तसें करूं नये. चांदीच्या मिश्रणावरचा काळा थर वीज अडवीत नाहीं. घासल्यानें मात्र ठोकळा संपतो. फड्क्यानें तेलकटपणा पुसावा, आणि खड्डे पडले असतील तर जोडी बदलावी.

ज्यांच्या घरीं एकच फेज आहे, त्यांच्या लेथावर बहुधा कपॅसिटरची मोटर असते. तीही अशीच घुमते. तेथें दोन संशयित : कपॅसिटर, आणि मोटरीच्या शेवटास असलेला केंद्रोत्सारी स्विच, जो वेग आल्यावर 'टक्' असा आवाज करून सुटतो. थांबतांनाही तो आवाज आला पाहिजे. न आला तर स्विच कीस व वंगण यांनीं चिकटला आहे असें समजावें. कपॅसिटरला हात लावण्यापूर्वीं त्यांतील सांठलेली वीज जुन्या तारेच्या दिव्यांतून रिकामी करावी. पेचकसानें दोन टोंकें मिळवून ठिणगी उडविणें ही मर्दुमकी नव्हे. नवा घ्यावयाचा तो त्याच मायक्रोफॅरडचा व तितक्याच किंवा अधिक व्होल्टांचा. हल्लीं तीन फेजांची जुनी मोटर एका फेजेवर चालविणारे व्हीएफडी नांवाचे खोके मिळतात व ते चांगलेही असतात. परंतु 230 व्होल्ट आंत घेणारें साधें खोकें बाहेरही 230 च देतें; तेव्हां मोटर डेल्टा जोडणींत 230 वर चालणारी आहे काय, हें पाटीवर वाचून मगच पैसे मोजावे. आणि खोकें व मोटर यांच्यामध्यें जुना स्टार्टर किंवा उलट-सुलटचा स्विच ठेवूं नये. चालू असतां तो फिरविला कीं खोकें मरतें.

आतां ज्या वाक्याविषयीं आम्ही वर थांबलों तें. आमच्या ओळखीच्या एका एकत्र कुटुंबांत मागील पडवींत लेथ आहे, आणि त्याच पडवींत पावसाळ्यांत धुणें वाळत घालतात. धाकट्या सूनबाईंनीं एकदां सांगितलें कीं, ओला हात लागला तर यंत्र झिणझिणतें. सासूबाई म्हणाल्या, "पाटावर उभी राहात जा." घरांतील वडील मंडळी म्हणाली, "तो पहिल्यापासून जरा झिणझिणतोच." असें चार वर्षें चाललें होतें. चार वर्षें सर्व जण वांचले ते कोरड्या फरशीच्या, पायांतल्या चपलांच्या आणि त्या पाटाच्या पुण्याईवर. त्या घरीं रांगणारें मूल आहे.

आम्ही वायरमनसह गेलों. यंत्राच्या बुडाशीं हिरवी तार होती, पण ती जोडलेली नव्हती. टोंक कापून काळ्या पट्टीनें नीटनेटकें गुंडाळलेलें होतें. चौकशी करतां कळलें कीं, पूर्वीं लेथ सुरू केला कीं घरचा गळतीरक्षक स्विच, म्हणजे ज्यास वायरमन आर.सी.सी.बी. म्हणतात तो, पडे. त्यावर कोणा कारागिरानें उपाय केला तो हा : अर्थिंग कापलें. स्विच पडेनासा झाला व सर्वांस आनंद झाला. वैद्यानें ताप मोजण्याची नळी फोडून ताप गेला असें सांगावें, तसा हा प्रकार. पुढें त्या स्विचावरील 'टी' अक्षराचें परीक्षेचें बटण आम्ही दाबविलें, तों तें निर्जीव. कित्येक वर्षें न दाबल्यानें आंतील कळ अडकून बसली होती. म्हणजे दोन्ही रक्षक गेलेले, आणि राखण लाकडी पाटाकडे.

तथापि त्या जुन्या तक्रारींतच दोषाचा पत्ता होता. असा स्विच 30 मिलिअँपियर गळतीवर पडावा असा बनविलेला असतो. 230 व्होल्टांत इतकी गळती व्हावयास मधला रोध सुमारें साडेसात हजार ओहम असावा लागतो. चांगल्या मोटरीचा रोध दहा लाख ओहमांच्या, म्हणजे एका मेगओहमच्या, खालीं नसावा. केवळ दमट हवेनें तो इतका खालीं येणें कठीण. तेव्हां तार कोठें तरी अंगास भिडलेली असली पाहिजे, असें अनुमान झालें. सर्व फ्यूज खिशांत ठेवून 500 व्होल्टांचा मेगर लावला. सर्व जोडलेलें असतां कांटा शून्याजवळ. मोटर सोडविली, कांटा शून्याजवळच. म्हणजे जिला सर्व जण चार वर्षें दोष देत होते, ती मोटर निर्दोष. तिचा रोध निराळा मापला तो अनेक मेगओहम भरला. उलट-सुलटच्या स्विचाकडे जाणारी केबल सोडविली, आणि कांटा वर गेला. केबल उपसून पाहिली. तेलानें फुगलेलें रबर पत्र्याच्या भोंकाच्या कडेवर घांसून गेलें होतें, आणि एक तांब्याची तार, गव्हाच्या दाण्याएवढी, पत्र्यास टेंकलेली होती.

कोणी म्हणेल, अर्थिंग असतें तर फ्यूज उडालाच असता. तसें समजूं नये. घराच्या अंगणांतील अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत सुकतो, व त्याचा रोध 20 ओहम सहज होतो. 230 स 20 नीं भागिलें तर साडेअकरा अँपियर. सोळा अँपियरचा फ्यूज यानें उडत नाहीं. तो शांतपणें बसून राहतो, आणि यंत्र जिवंत राहतें. म्हणून अर्थिंग हवें, खड्ड्यांत मीठ-कोळसा व उन्हाळ्यांत पाण्याची घागर हवी, आणि त्यावर गळतीरक्षक स्विचही हवा. तिन्ही हवींत; एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं. अर्थिंगचा बोल्ट बसवितांना त्याखालचा रंग खरडून लोखंड उघडें करावें. पुष्कळ घरीं तार शाबूत, बोल्ट घट्ट आणि मध्यें रंगाचा पापुद्रा, असें असतें. आणि अर्थिंग सांपडत नाहीं म्हणून न्यूट्रलची तार यंत्राच्या अंगास जोडणाऱ्या मनुष्यास त्या दिवशींचा चहा पाजून निरोप द्यावा, पुन्हां बोलावूं नये.

त्या घरीं नवी केबल लोखंडी लवचीक नळींतून घातली, कडेस रबरी वेटोळें बसविलें, हिरवी तार जोडली, स्विच नवा आणला. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस 'टी' बटण दाबण्याचें काम सूनबाईंनीं आपणहून मागून घेतलें. दिनदर्शिकेवर तशी खूण आम्ही पाहिली.

त्याच लेथावर आणखी एक धोका निघाला, तो स्टार्टरविषयींचा. पूर्वीं तेथें केवळ खटका होता. खटका असा कीं वीज गेली तरी तो 'चालू' वरच राहतो. भारनियमनाच्या गांवीं याचा अर्थ काय होतो तो पाहा : काम करतां करतां वीज जाते, मनुष्य चकची किल्ली चकमध्यें अडकवून कामाचा तुकडा सोडवूं लागतो, आणि वीज परत येते. किल्ली फिरून हातावर बसते किंवा डोक्याच्या उंचीनें सुटते. चुंबकाचा स्टार्टर वीज जातांच सुटतो व पुन्हां बटण दाबल्यावांचून घेत नाहीं. तेवढ्या एका गुणासाठींही तो घ्यावा, मग लेथ कितीही लहान असो.

सर्व जोडून लेथ सुरू केला, तों तो उलटा फिरूं लागला. हा दोष नव्हे. केबल बदलतांना दोन फेजांची अदलाबदल झालेली होती. कोणत्याही दोन फेजा पुन्हां अदलाबदल केल्या कीं दिशा फिरते. परंतु येथें घाई करूं नये, आणि पहिली चांचणी चक काढून घ्यावी. जुन्या लेथांचा चक पुष्कळदां आटे असलेल्या नाकावर नुसता पिळून बसविलेला असतो. सुलट फेरींत काम करतांना तो आवळत जातो; उलट फेर सुरू होतांच, किंवा सुलट फेरींतून एकदम थांबवितांच, आठ-दहा किलोंचें तें धूड सैल होऊन बेडवर आणि तेथून पायावर येतें. आम्ही चक आधींच काढून बाजूस ठेवविला होता. फेजा बदलल्या, पट्टा चढविला, आणि मगच चक परत पिळला. संध्याकाळीं नातवानें त्यावर सायकलीच्या आंसाचा पहिला तुकडा चढविला. पट्टे व बेअरिंगें यांविषयींच्या पत्रांस उत्तर पुढील अंकीं देऊं.